राग आला की माझा ण जातो

राग आला की माझा ण जातो. एरवी मी पाणी म्हणते, कोण म्हणते, लोणी म्हणते. सातिवलीच्या ज्या कारखान्यात मी ऑफिसात बसते, तिथं फोनवर इतकं शुद्ध बोलते की समोरचा विचारतो, मॅडम पुण्याच्या का? पण डोकं तापलं की जीभ सरळ माहेरी पळते. माझं माहेर चांदीपचं, भातशेतीचं. तिकडे सगळं पानी, कोन, लोनी. सासर वसई पश्चिमेला, केळी आणि पानवेलींच्या वाड्यांत. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी कॉलेजात गेली, तरी ही खोड काही सुटली नाही.

आणि खोड का म्हणावं मी तिला? एका माणसानं म्हटलं म्हणून?

तो माणूस म्हणजे आमच्या आळीतले सर. निवृत्त प्राचार्य, आळीच्या मंडळाचे अध्यक्ष. उभा जन्म वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण करण्यात गेलेला. बोलायला उभे राहिले की आधी चष्मा पुसणार, मग खिशातला रुमाल नीट करणार, मग 'सन्माननीय सभासदहो'. आळीतल्या सगळ्या सुना त्यांच्यासाठी 'सूनबाई'. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्या आळीला दोन बावखलं होती. बावखल म्हणजे आमच्या पश्चिम पट्ट्यातलं वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि त्यावरच आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, खाडी पलीकडे. वरून गोड पाणी मुरायचं थांबलं की खालून खारं आलंच. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. धाकटं बावखल मंडळाच्या हॉलमागे आणि मोठं आमच्या घरामागे. दोन्ही सामाईक, त्यामुळे त्यांचं काहीही करायचं तर आळीच्या सभेत ठरायचं.

चार-पाच वर्षांपूर्वी सभा बोलावली. विषय, धाकटं बावखल बुजवून हॉलसाठी पार्किंग करणे. मी नवऱ्यासोबत गेले होते. बोलायचं काही ठरवलं नव्हतं. पण मागून कोणीतरी म्हणालं, "बायकांना पार्किंगमधलं काय कळतंय," आणि माझं टाळकं सटकलं. मी उभी राहिले.

"हे बावखल बुजवलं तर पावसाचं पानी मुरनार कुठं?" मी म्हटलं. "पानी मुरलं नाय तर खाडीचं खारं पानी विहिरीत घुसेल, मग काय गाड्या धुनार त्यात?"

सरांनी हात वर केला. चष्मा पुसला. "सूनबाई, एक मिनिट. पानी म्हणजे? विड्याची पानं का? ती आमच्या सगळ्यांच्या वाडीत आहेत हो, तुम्ही त्यांची काळजी करू नका."

हॉल फुटला हसून. पुढच्या रांगेतले म्हातारे मांडीवर थापा मारत होते. सर हसले नाहीत. ते थांबले, सगळ्यांना पुरतं हसू दिलं, आणि मग मायेनं म्हणाले, "आधी शब्द सरळ करा, मग मुद्दा मांडा. सभेत बोलायचं तर भाषेला वळण हवं."

मी खाली बसले. माझ्या शेजारी बसलेला माझा नवराही हसत होता. तोंडावर हात धरून, पण हसत होता. त्याला घरी आल्यावर मी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हात वर झाले आणि ठराव पास झाला. माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. देण्याची गरजच उरली नव्हती ना! सातिवलीला आमच्या कारखान्यात दिवसभर भांडणं चालतात, गोदामवाला ड्रायव्हरवर ओरडतो, ड्रायव्हर माझ्यावर. कोण बिहारचा, कोण गुजरातचा, कोण जव्हारचा. "मेरा गाडी अटक गया" म्हणून कोणी बोंब मारली तर कोणी असं म्हणत नाही की आधी 'मेरी' म्हण, मग गाडी काढतो. गाडी काढतात. शब्द धरून बसायची ऐट फक्त शिकलेल्या माणसांना परवडते. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो समोरच्याचं व्याकरण तपासायला घेतो, हे मी त्या दिवशी शिकले.

त्या रात्री आळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी मघई पानाचा फोटो टाकला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. आठवड्याभरात माझं नाव पडलं, पानीवहिनी. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण मी दुकानात शिरले की आतलं बोलणं थांबायचं, आणि मला कळायचं.

आईला फोन केला. ती चांदीपला भात लावून नुकती घरी आलेली. म्हणाली, "कोन हसला तुला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हसनाऱ्याचे दात दिसले, बाय. तुझं काय दिसलं?" मग मला रडू आलं. अपमान झाला त्यापेक्षा जास्त या गोष्टीचं, की तिचीच भाषा होती ती. मला हसले म्हणजे तिला हसले.

त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस एक दिवस भर सभेत 'पानी' म्हणेल. माझ्या समोर उभा राहून म्हणेल. माफीबिफी मला नको होती. माफी काय, चष्मा पुसून दोन ओळींत मागून मोकळे झाले असते, वर टाळ्याही घेतल्या असत्या.

धाकटं बावखल डेब्रिजनं भरलं. वर पेव्हर ब्लॉक आले. दुसऱ्या उन्हाळ्यात हॉललगतच्या दोन घरांच्या विहिरी मचूळ झाल्या. डाळ शिजेना, चहा फाटायला लागला, मोगऱ्याची पानं कडेनं करपली. दोन घरांतलं एक कोणाचं होतं सांगू? सरांचं. मला कळलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "कोणाच्या विहिरीचं वाईट झालं म्हणून साखर ठेवू नये गं." मी म्हटलं, "मी मुलीच्या परीक्षेसाठी ठेवलीये." मुलीची परीक्षा तेव्हा नव्हती.

सर मात्र हूं की चूं करीनात. त्यांच्या दारात पाण्याचे जार उतरायला लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हवामान बदललंय, सगळीकडेच तसं आहे." महापालिकेचा नळ एक दिवसाआड यायचा, तोही बारीक धार.

आता मजा पाहा. गेल्या वर्षी आळीच्या वाचनालयात सरांची व्याख्यानं सुरू झाली. विषय, सार्वजनिक जीवनात वाद कसा करावा. मी बोर्ड वाचला आणि भर रस्त्यात हसले. मग म्हटलं, जाऊ या. शत्रूच्या घरातली भांडी कुठं ठेवलीत ते पाहून तर येऊ. दर शनिवारी, पहिल्या रांगेत, पंख्याखालची खुर्ची माझी.

आणि खरं सांगते, माणूस बोलायचा छान. हे लिहिताना हात जड होतो, पण आहे ते आहे. म्हणायचे, आपल्याकडे भांडणाचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद. काहीही करून जिंकायचं तो जल्प. आणि स्वतःची बाजूच नाही, नुसतं समोरच्याचं मोडायचं, ती वितंडा. टीव्हीवर रोज चालते ती वितंडा. मग म्हणायचे, माणसावर बोलू नका, मुद्द्यावर बोला. मी पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होते.

एका शनिवारी ते पूर्वपक्षावर बोलले. म्हणाले, "उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. त्याच्याच शब्दांत. आणि तो मान डोलावून 'होय, हेच म्हणायचंय मला' असं म्हणाला, तरच आपल्याला उत्तर द्यायचा अधिकार. जो हे करत नाही तो वाद घालत नाही, नुसता भुंकतो. आपल्या मंडळाच्या सभेतही यापुढे हा नियम असावा, असं मी सुचवतो."

मी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत.

मी प्रश्नही विचारले. शब्द त्याचेच हवेत का, सर? अर्थ आला तर चालेल का? ते खूश झाले. "उत्तम प्रश्न. शब्द त्याचेच हवेत. शब्द बदलला की अर्थ कधी सरकतो ते कळत नाही." निघताना मला थांबवून म्हणाले, "सूनबाई, तुमच्यासारखे श्रोते हवेत. तुम्ही सभेतसुद्धा बोलत चला, संकोच करू नका." मी तोंडाकडे पाहतच राहिले. ह्यांना आठवतच नव्हतं! मी इतकी वर्षं ते नाव घेऊन फिरतेय आणि ह्यांच्या लेखी ती गोष्ट झालीच नव्हती. तोवर माझा राग जुना होत आलेला होता, त्या दिवशी तो पुन्हा ताजा झाला.

मग यंदा पुन्हा सभा आली. विषय, मोठं बावखल अर्धं बुजवून हॉल वाढवणे, एसीसकट. लग्नांची मागणी आहे म्हणे. मोठं बावखल म्हणजे आमच्या घरामागचं. आमची विहीर त्यावर, आमची केळी त्यावर, सासूबाईंची पानवेल त्यावर. हे गेलं की आमच्याही दारात जार उतरणार आणि वाडी दोन-तीन उन्हाळ्यांत संपणार. सासूबाईंनी दोन दिवस आधी जेवण कमी केलं. विचारलं तर म्हणाल्या, "भूक नाही." त्या काही बोलत नाहीत, त्यांचं असंच असतं.

नवरा म्हणाला, "या वेळी शांतपणे बोल हं. कागदावर लिहून घे, म्हणजे ते तुझं 'पानी' होणार नाही." मी म्हटलं, "या वेळी ते व्हायलाच हवंय. तू फक्त हसू नकोस."

हॉल भरला होता. सासूबाईही आल्या, नेसूचं नऊवारी नीट करून माझ्या शेजारी बसल्या. सरांनी ठराव मांडला, नियम सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले. रागावलेली नव्हते. मला भूक लागल्यासारखं झालं होतं.

"मोठं बावखल बुजवलं तर पावसाचं पानी मुरनार नाही," मी सावकाश म्हटलं. "पानी मुरलं नाही तर खारं पानी विहिरीत येनार. धाकटं बुजवलं तेव्हा दोन विहिरींत आलं. आता बाकीच्यांत येईल. एकदा आलेलं खारं पानी कोनालाही परत घालवता येत नाही. एवढंच माझं म्हननं आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पान, पान, असं कुजबुजलं.

सर उठले. चष्मा पुसला. "सूनबाईंच्या भावना मी समजू शकतो, परंतु..."

"सर, उत्तर नंतर," मी म्हटलं. "आधी माझं म्हननं सांगा. नियम तुमचाच आहे."

ते हसले. विद्यार्थिनीनं धडा बरोबर म्हणून दाखवला की मास्तर हसतात तसे. "अगदी योग्य. तर यांचं म्हणणं असं, की बावखल हा आपला वारसा आहे आणि तो जपावा."

"वारसा हा शब्द मी काढलाच नाही."

"बरं. यांचा विकासाला विरोध आहे..."

"नाही. चुकलं, सर."

सरांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं. "ठीक आहे. यांचं म्हणणं असं, की मोठं बावखल बुजवलं तर पावसाचं पाणी..."

"पानी."

"काय?"

"मी पानी म्हटलं. शब्द बदलला की अर्थ सरकतो, असं तुम्हीच सांगितलंय. शब्द माझा आहे, तसाच सांगा. मी मान डोलावल्याशिवाय तुम्हाला पुढं जाता येनार नाही."

आणि तेव्हा त्यांना आठवलं. मला दिसलं ते. आधी नजर माझ्यावर, मग पुढच्या रांगेतल्या त्याच म्हाताऱ्यांवर, मग खाली. कान लाल झाले. देवाशपथ सांगते, इतकं गोड मला आयुष्यात काही लागलेलं नाही. मी उभीच राहिले. बसा म्हणायला कोणाची छाती झाली नाही.

"पावसाचं पानी," सर म्हणाले.

कोणी हसलं नाही. मी वाट पाहत होते की तो शब्द त्यांच्या तोंडात अडेल, वाकडा येईल, नाटकातल्या गड्यासारखा. पण तो इतका सरळ आला की मीच चमकले. आणि मग त्यांना थांबताच येईना. "पावसाचं पानी मुरनार नाही. मुरलं नाही की खारं पानी विहिरीत येनार. दोन विहिरींत आलंच आहे, त्यातली एक माझी. यांनी तेव्हाच सांगितलं होतं आणि आपन हसलो. मी हसवलं. आता बाकीच्या विहिरी जातील. गेल्या की कोनाच्या बापाला त्या गोड करता येनार नाहीत. हेच ना, सूनबाई?"

सासूबाई माझ्याकडे वाकून पुटपुटल्या, "आई मिठागरावरची होती त्याची. लहानपणी असंच बोलायचा."

इथं मला त्यांची दया आली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. नाही आली. उलट मनात म्हटलं, म्हणजे हा शब्द तुमच्याही आईचा होता आणि तुम्ही तो माझ्या तोंडातून काढून सगळ्यांना हसायला दिलात! मी मान डोलावली. "होय, हेच म्हननं आहे. आता उत्तर द्या."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "माझ्याकडे उत्तर नाही," ते म्हणाले आणि बसले. ठराव पडला. विरोधात वर गेलेल्या हातांत माझ्या नवऱ्याचा हात सगळ्यांत उंच होता. मोठं बावखल राहिलं.

पण पुढचं ऐका. हॉलमधून बाहेर पडताना लोक कोणाशी हात मिळवत होते? सरांशी. "काय बोललात, सर! काटाच आला." ग्रुपवर आलं, 'सरांच्या प्रांजळ भाषणामुळे बावखल वाचले.' खाली हात जोडलेल्यांची रांग. माझा उल्लेख कुठं नाही. माझंच म्हणणं त्यांच्या तोंडून आलं आणि त्यांचं झालं! मी फोन गादीवर आपटला. नवरा म्हणाला, "अगं, बावखल राहिलं ना? मग झालं तर." ह्याला म्हणतात पुरुष. मी त्या रात्री फक्त सासूबाईंना वाढलं. त्या पोटभर जेवल्या, दोनदा भात घेतला.

आठवडाभरानं, सकाळी मी विहिरीपाशी मोटर लावत होते. कुंपणाचं दार वाजलं. सर. हातात पितळी कळशी. सभेतलं धोतर नाही, चष्मा पुसणं नाही, घरातली साधी लुंगी. जारच्या पाण्यात डाळ शिजते, पण त्यांच्या बायकोच्या देवांना जारचं पाणी चालत नाही, असं काहीतरी म्हणाले. मग म्हणाले, "सूनबाई, एक कळशी पाणी मिळेल का?"

"पाणी नाही आमच्याकडे," मी म्हटलं.

त्यांनी विहिरीकडे पाहिलं. काठोकाठ भरलेली. मग माझ्याकडे पाहिलं. ओट्यावर बसलेल्या सासूबाई ओरडल्या, "पाण्याला नाही म्हणू नये गं, पाप लागतं!"

"नाही कुठं म्हटलं," मी म्हटलं. मी बटणावर हात ठेवून उभी होते. "आधी शब्द सरळ करा, सर. मग कळशी भरा."

आता ते रोज येतात. मीही रोज बटणावर हात ठेवून उभी राहते, आणि त्यांनी म्हटल्याशिवाय मोटर लावत नाही.